बिल संस्थेचे, हिशेब आपला

स्तुती त्या निर्माणकर्त्याची, ज्याने आकाश उभारले आणि सृष्टीत समतोल ठेवला. दरूद व सलाम अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी वुजूच्या पाण्याचाही हिशेब उम्मतला शिकविला.

प्रिय बंधू-भगिनींनो, जून-जुलै हे प्रवेशाचे दिवस. चिपळूण, मिरज, बीड, भुसावळ अशा गावांतून आपली मुले-मुली पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूर-संभाजीनगरच्या विद्यापीठांकडे निघतात. पेटी भरताना आई सांगते की नमाज सोडू नकोस, मेसमध्ये जेवण हलाल आहे की नाही याची चौकशी कर, संगत पाहून धर. वडील फी आणि खर्च यांविषयी बोलतात. ही सर्व नसीहत आवश्यकच आहे. पण रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की घरात आवाज चढविणारे हेच वडील, वसतिगृहाच्या पंख्याविषयी मात्र काही सांगत नाहीत. तेथील विजेचे बिल फीमध्ये आलेले असते. वापर कमी करा वा जास्त, आपल्या खिशातून वेगळा पैसा जात नाही. म्हणून तो विषयच निघत नाही.

आज त्याच विषयावर बोलावयाचे आहे. विद्यापीठाच्या आवारातून हवेत जाणारा कार्बन कमी करणे हे दीनचे काम आहे का, आणि असेल तर कोणत्या दर्जाचे? आपल्यातील काही वडीलधारी म्हणतात, हा सरकारांचा आणि शास्त्रज्ञांचा प्रश्न आहे, मिंबरवर त्याचे काय काम? त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी असे म्हणेन की आपल्या फिकहमध्ये या प्रश्नासाठी आवश्यक असलेली सर्व प्रकरणे आधीपासून लिहिलेली आहेत. अमानत आहे, इस्राफ आहे, दुसऱ्याला होणारी इजा आहे आणि हुकूकुल-इबाद, म्हणजे बंद्यांचे हक्क आहेत. नवे आहे ते फक्त मोजमाप.

प्रथम मोजमापच पाहू. आपल्या देशातील वीज अजूनही मुख्यतः दगडी कोळसा जाळून तयार होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, परळी येथे औष्णिक वीजकेंद्रे आहेत. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. देशाच्या एकूण विजेची सरासरी काढली तर एक युनिट वीज वापरली की साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो, एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो. मेसमधील १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर संपते तेव्हा त्यातून पन्नास किलोहून अधिक वायू बाहेर पडलेला असतो. तो दिसत नाही आणि त्याला वास नाही. वर्गातील पंख्याखाली बसलेल्याला तर त्याचा पत्ताही नसतो, कारण धूर शेकडो किलोमीटर दूर निघतो आणि राख चंद्रपूरकरांच्या अंगणात पडते.

विद्यापीठाचे आवार म्हणजे एक लहान शहरच असते. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहे, मेस, पाण्याचे पंप, वीज गेल्यावर धडधडणारा जनरेटर, विद्यार्थ्यांच्या शेकडो दुचाकी. जाणकार या सर्वांचा हिशेब तीन वर्तुळांत मांडतात. आवारातच जे जळते, म्हणजे जनरेटरचे डिझेल, मेसचा गॅस, संस्थेच्या बसगाड्यांचे इंधन, ते पहिले वर्तुळ. विकत घेतलेल्या विजेसाठी दूर जे जळते ते दुसरे. आणि लोकांचे येणे-जाणे, मागविलेला माल, फेकलेले अन्न व कचरा हे तिसरे. ही मांडणी वाचताना मला मुहासबाची आठवण होते. कियामतच्या दिवशी हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपण स्वतःचा हिशेब घ्यावा, हा ह. उमर (रजि.) यांचा उपदेश आपण मुलांना लहानपणीच शिकवितो. ज्या संस्थेने आपल्या आवारात वर्षाला किती युनिट वीज, किती लिटर डिझेल आणि किती सिलिंडर लागतात हे कधी लिहूनच काढले नाही, तिने या बाबतीत मुहासबाला सुरुवातच केलेली नाही.

आता अमानतीकडे येऊ. उमय्या घराण्यातील खलीफा ह. उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांनी हिजरी ९९ ते १०१, म्हणजे इ.स. ७१७ ते ७२० या अल्पकाळात राज्यकारभार केला. त्यांच्या चरित्रात दिव्याची हकीकत सांगितली जाते. रात्री ते प्रजेच्या कामाचे कागद पाहत असताना भेटीस आलेल्या माणसाने घरची विचारपूस सुरू केली, तेव्हा त्यांनी जळता दिवा विझविला आणि स्वतःचा दुसरा दिवा लावण्यास सांगितले. पहिल्या दिव्यात बैतुलमालचे तेल होते आणि बोलणे आता खासगी झाले होते. ही हकीकत आपण जलशांमध्ये शेकडो वेळा ऐकली आहे, ऐकून सुब्हानल्लाह म्हटले आहे आणि सभागृहाचे सर्व दिवे व पंखे चालू ठेवून घरी गेलो आहोत.

विद्यापीठाची वीज ही याच जातीची मालमत्ता आहे. शासकीय विद्यापीठात ती करदात्यांच्या पैशाची आहे, आणि त्यात पावसावर जगणाऱ्या शेतकऱ्यापासून हमालापर्यंत सर्वांचा वाटा आहे. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांत ती देणगीदारांनी सवाबच्या नियतने दिलेल्या पैशाची असते, काही ठिकाणी वक्फच्या उत्पन्नाची. फी भरली म्हणजे वीज आपली झाली असे नव्हे. शिकण्यासाठी व राहण्यासाठी जेवढी लागेल तेवढी वापरण्याचा हक्क आपल्याला मिळाला. वक्फच्या वस्तूचा वापर तिच्या हेतूच्या आत राहिला पाहिजे, हा नियम फिकहच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा कोणत्याच हेतूच्या आत बसत नाही.

कोणी म्हणेल, पंखा ही किती लहान गोष्ट! लहानपणाविषयी एक हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. खैबरच्या मोहिमेनंतर परतताना मिदअम नावाच्या सेवकाला अज्ञात दिशेने आलेला बाण लागला आणि तो मरण पावला. लोकांनी त्याला शहादतीबद्दल मुबारकबाद दिली. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की वाटणी होण्यापूर्वी त्याने सामूहिक मालातून घेतलेली चादर त्याच्यावर आग होऊन भडकत आहे. हे ऐकून एक माणूस चपलेचा एक-दोन वादी घेऊन आला, तर त्यालाही सांगण्यात आले की हा वादीही आगीचा आहे. सामूहिक मालाच्या बाबतीत शरीअत किती बारीक पाहते हे त्या वादीवरून कळते.

तरीही एक साधा हिशेब करून पाहू. हा कोणा एका महाविद्यालयाचा आकडा नव्हे, समजावे म्हणून मांडला आहे. चाळीस वर्गखोल्या, प्रत्येकीत सहा जुने पंखे, प्रत्येक पंखा ७५ वॅटचा. तास संपल्यावर ते दिवसाकाठी दोन तास रिकामे फिरले तर दररोज ३६ युनिट. वर्षाचे २०० दिवस धरले तर ७२०० युनिट, म्हणजे सुमारे पाच टन कार्बन डायऑक्साइड. बसलेल्या कोणाही माणसाला त्यातून वाऱ्याची एक झुळूकही मिळालेली नाही.

पवित्र कुरआनात यासाठी दोन शब्द आले आहेत. खा, प्या, परंतु मर्यादा ओलांडू नका, अशा आशयाचा जो आदेश सूरह अल-अअराफमध्ये (७:३१) आहे तेथे शब्द इस्राफचा आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:२६-२७) तबजीर करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे. पुष्कळ उलमांनी या दोहोंत फरक केला आहे. वैध गरज भागविताना प्रमाणाबाहेर जाणे हा इस्राफ, आणि जेथे खर्चाची जागाच नाही तेथे उधळणे ही तबजीर. त्या दृष्टीने पाहिले तर माणसे बसलेल्या खोलीत एसी १८ अंशांवर ठेवून अंगावर शाल घेणे हा इस्राफ झाला. आणि कुलूप लावून गेलेल्या खोलीत एसी चालू राहणे ही तबजीर. पंख्याचा तो वरचा हिशेब दुसऱ्या प्रकारातला आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक वाटते. सूरह अर-रहमानच्या आरंभी (५५:७-९) मीजानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे आणि वजनात अन्याय न करण्याचा आदेश आहे. तराजू हातात घेतला की काही प्रचलित समजुती हलक्या ठरतात. मोबाइलचा चार्जर भिंतीला लावून ठेवला म्हणून मुलांवर रागावणारे अधीक्षक मी पाहिले आहेत. फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला पाच-सहा युनिटच्या आसपास वीज लागते. दीड टनाचा एसी तेवढी वीज चार तासांत घेतो. हजार लिटर पाणी वीस मीटर उंचीच्या टाकीत चढविण्यास पंपाला एक दशांश युनिटच्या आसपास वीज पुरते. पण त्यातले वीस लिटर विजेवर गरम केले, म्हणजे एक बादली अंघोळीचे पाणी, की अर्ध्या युनिटहून अधिक वीज खर्च होते. म्हणजे कार्बनच्या तराजूवर हजारो लिटर गार पाण्यापेक्षा एक गरम बादली जड आहे. यावरून गार पाणी सांडावे असा अर्थ कोणी काढू नये. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत, हे सहीह हदीसमध्ये आहे. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, ही इब्न माजामधील प्रसिद्ध रिवायत आपण सांगतो; तिच्या सनदवर काही मुहद्दिसांनी बोट ठेवले आहे, परंतु आशयाला मुद्दची हदीस पुरेसा आधार देते. पाण्याचा हक्क वेगळा, विजेचा वेगळा. दोन्ही आपापल्या तराजूत तोलावे आणि जेथे वजन जास्त आहे तेथे आधी हात घालावा.

वजन कोठे जास्त आहे? आपल्या हवामानातील विद्यापीठात ते बहुधा थंडाव्यात, पाणी तापविण्यात, स्वयंपाकघरात आणि वाहनांत असते. थंडाव्याच्या बाबतीत एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. एसीच्या नळ्यांत फिरणारा वायू स्वतःच फार उष्णताधारक असतो. जुन्या एसीतील आर-२२ हा वायू एक किलो जरी गळाला तरी त्याचा परिणाम सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका होतो. दुरुस्तीला आलेला कारागीर नळी उघडून वायू सोडून देतो, नवा भरतो आणि आपण त्याचे पैसे देतो. तो वायू टाकीत गोळा करून घेण्याची अट कंत्राटात घालणे विश्वस्तांच्या हाती आहे, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. तापमानाविषयी केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता विभागाची शिफारस २४ अंशांची आहे. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा मंत्रालयाने जाहीर केलेले आहे.

उधळपट्टी थांबविण्यात किती ताकद असते याचे उदाहरण दूरचे आहे, पण शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात पूर्वी नैसर्गिक वायूवर चालणारे एक मोठे केंद्र सर्व इमारतींना वीज, वाफ आणि थंड पाणी पुरवीत असे. तेथील अभियंत्यांनी वर्षभराच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा दिसले की एकाच वेळी काही इमारतींमधून उष्णता काढून आकाशात फेकली जात आहे, आणि त्याच घटकेला दुसऱ्या इमारती तापविण्यासाठी वायू जाळला जात आहे. २०१५ साली त्यांनी नवी व्यवस्था सुरू केली. थंडावा देताना निघणारी उष्णता पकडून गरम पाण्याच्या रूपाने दुसरीकडे पोहोचविली जाऊ लागली, वाफेच्या जुन्या वाहिन्या बदलण्यात आल्या आणि वायूचे केंद्र बंद झाले. पुढे सौरऊर्जा घेऊन २०२२ पर्यंत वर्षभरात लागेल तेवढी वीज अक्षय स्रोतांतून मिळविण्यापर्यंत ते गेले. त्यांच्याइतका पैसा आपल्या संस्थांकडे नाही हे उघड आहे. पण आपल्याही वसतिगृहांत गच्चीवर एसीची यंत्रे गरम हवा ओकत असतात आणि खालच्या मजल्यावर गिझर पाणी तापवीत असतात. हवेतील उष्णता घेऊन पाणी तापविणारा उष्णता पंप आता आपल्या बाजारातही मिळतो आणि गिझरच्या एक तृतीयांशाच्या आसपास विजेत काम भागवितो. सौर बंब तर आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहेतच; अनेक गच्च्यांवर ते फुटक्या नळ्यांसह उभे आहेत, एवढेच.

मुस्लिम जगातही याविषयी शांतता नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इस्तंबूल येथे अनेक देशांच्या मुस्लिम विद्वानांनी हवामान बदलाविषयी जाहीरनामा काढला आणि श्रीमंत व तेलउत्पादक राष्ट्रांना नाव घेऊन जबाबदारीची आठवण दिली. इंडोनेशियाच्या उलमा परिषदेने २०२३ च्या फतव्यात जंगले तोडणे व जाळणे हराम ठरवून कार्बन कमी करणे सर्वांचे कर्तव्य असल्याचे म्हटले. जकार्ताच्या इस्तिकलाल मशिदीवर ५०० हून अधिक सौर पॅनेल बसले असून, २०२२ मध्ये जागतिक बँक गटाच्या एका संस्थेने तिला हरित इमारतीचे प्रमाणपत्र दिले. विद्यापीठांना हरित कामगिरीवर क्रमांक देणारी ग्रीनमेट्रिक ही यादी २०१० साली सुरू झाली, तीही याच देशातील इंडोनेशिया विद्यापीठातून.

क्रमांकांचा विषय निघालाच आहे, तर दिखाव्याविषयी बोलणे भाग आहे. आपल्याकडे नॅकच्या मूल्यांकनात पर्यावरणाविषयीच्या उपक्रमांना गुण असतात. हेतू चांगला आहे. परंतु ५ जून आला की बॅनर, पाहुणे, खड्ड्यात रोप, चहूबाजूंनी छायाचित्रे, आणि महिनाभरात त्याच खड्ड्यात दुसरे काही, हे चित्र कोणाला अपरिचित आहे? रियाचा इलाज नफिलांपुरता मर्यादित नाही, तो फायलींनाही लागू पडतो.

झाड लावणे हे मोठे पुण्यकर्म आहे. कियामत येऊन ठेपली आणि हातात रोप असेल, तर शक्य झाल्यास ते लावून टाकावे, अशा आशयाची हदीस मुस्नद अहमदमध्ये ह. अनस (रजि.) यांच्याकडून आली आहे. झाडाचे फळ माणूस, पक्षी, जनावर जो कोणी खाईल त्यात लावणाऱ्याला सदका आहे. म्हणून लावाच. प्रश्न क्रमाचा आहे. उसूलच्या ग्रंथांत एक कायदा आहे की हानी टाळणे हे लाभ मिळविण्यापेक्षा अग्रक्रमाचे असते. वाढलेले एक झाड जात, माती, पाऊस यांनुसार वर्षाला दहा-वीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषते. वर मांडलेले रिकाम्या वर्गांतील पंखे भरून काढायचे तर अशी अडीचशे ते पाचशे मोठी झाडे वर्षभर राबली पाहिजेत, आणि ती मोठी होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतील. पंखा बंद करण्यास एक बोट लागते. सदका देणाऱ्याने दुसऱ्याचे कर्ज बुडवून सदका दिला तर उलमा त्याला काय सांगतात? आधी कर्ज फेड.

आणि हे खरोखरच कर्ज आहे. इजा सोसू नये आणि देऊ नये, हे तत्त्व हदीसमधून आलेले आहे आणि फिकहचे असंख्य निर्णय त्यावर उभे आहेत. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग हवेत शतकानुशतके टिकून राहतो. आज वसतिगृहात जे जळाले त्याची उष्णता आपल्या नातवंडांची नातवंडे सोसतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या परिसरात आपल्या कित्येक कोकणी कुटुंबांच्या सुपारी-नारळाच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. सुपारीचे झाड फळाला येण्यास वर्षे जातात. एखादे विशिष्ट वादळ अमुक माणसाच्या एसीमुळे आले असे कोणी म्हणणार नाही. परंतु अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेल्या समुद्रातून वादळांना बळ मिळते, हे शास्त्रज्ञांनी मापून दाखविले आहे. माणसांच्या हातच्या कमाईमुळे जमिनीवर व समुद्रात बिघाड माजल्याचे सूरह अर-रूममध्ये (३०:४१) सांगितले आहे, आणि त्यात समुद्राचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे.

अल्लाहच्या हक्कातील कसूर तौबाने माफ होण्याची आशा असते. बंद्यांच्या हक्कातील कसुरीसाठी ज्याचा हक्क मारला त्याच्याकडे जावे लागते. सहीह मुस्लिममधील मुफलिसची हदीस आपल्याला ठाऊक आहे. उम्मतमधील खरा दिवाळखोर तो, जो नमाज, रोजे, जकात घेऊन हजर होईल, आणि त्याने ज्यांना शिवी दिली, ज्यांचा माल खाल्ला, ज्यांना मारले, ते येऊन त्याच्या नेकी वाटून नेतील. नेकी संपल्या की त्यांचे गुनाह त्याच्यावर लादले जातील. शेजाऱ्याला दुखविले तर त्याच्या दारावर जाऊन माफी मागता येते. श्रीवर्धनच्या बागवाल्याचे दार तरी आपल्याला सापडेल. पण जे अजून जन्मलेच नाहीत त्यांची माफी आपण कोणत्या दारावर जाऊन मागणार? या प्रश्नाने मला अनेकदा बेचैन केले आहे, आणि म्हणूनच मी या कामाला नफिलच्या यादीत ठेवू शकत नाही.

आता हा भार कोणावर किती, हे न्यायाने ठरविले पाहिजे. काही संस्थांत बचतीची सुरुवात सर्वांत दुबळ्यापासून होते. पहारेकऱ्याच्या खोलीतला पंखा बंद, वसतिगृहाच्या अभ्यासिकेचे दिवे रात्री दहाला बंद. आणि सभागृहाचा एसी पाहुणे येण्यापूर्वी दोन तास चालू. हा इस्राफ थांबविणे नव्हे, हा जुल्म आहे. एका खोलीच्या घरातून आलेल्या मुलीला अभ्यासासाठी तो दिवा हीच एकमेव जागा असेल तर तो दिवा इल्मचा आहे, आणि विद्यापीठ त्याचसाठी उभारलेले आहे. गरज कापू नये, गरजेपलीकडचे कापावे. जी मुले बसने वा सायकलने येतात, ज्यांच्या खोलीत एसी नाही, त्यांचा या कर्जातील वाटा मुळातच अल्प आहे. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील लोकांविषयी विचारले जाईल, ही हदीस विश्वस्त, कुलगुरू आणि प्राचार्य यांना विद्यार्थ्यांपेक्षा अधिक लागू होते, कारण छतावर सौर पॅनेल बसवावे की नाही, जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटच्या आसपास चालणारे नवे घ्यावे की नाही, बसची फेरी वाढवावी की वाहनतळ, हे निर्णय त्यांच्या सहीने होतात. आपल्या समाजात अनेक जण अशा संस्थांचे विश्वस्त आहेत. पुढच्या बैठकीत विजेच्या बिलाची फाइल मागवा, एवढे त्यांनी केले तरी बरीच वाट दिसू लागेल.

पालकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. बारावीत चांगले गुण मिळाले म्हणून मोटारसायकल देण्याची प्रथा आपल्या घरांत पक्की झाली आहे. वसतिगृहापासून वर्गापर्यंतचे अंतर अनेकदा एक-दोन किलोमीटर असते. त्यासाठी सायकल पुरते. तरुण पोरांच्या अपघातांनी किती घरे उद्ध्वस्त झाली हे जनाजाची नमाज पढविणाऱ्याला विचारा.

विद्यार्थ्यांसाठी मेसचे ताट हा रोजचा इम्तिहान आहे. घास खाली पडला तर तो स्वच्छ करून खावा, बोटे व ताट पुसून घ्यावे, कारण बरकत अन्नाच्या कोणत्या भागात आहे हे माणसाला ठाऊक नसते, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. टाकलेले अन्न कचऱ्याच्या ढिगात दबून कुजले की त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता धरतो. कमी वाढून घ्यावे, लागले तर पुन्हा उठावे. रमजानमध्ये तर हे अधिकच जपावे लागते. सहरीसाठी एकेका खोलीत वेगवेगळ्या शेगड्या लावण्यापेक्षा दहा जणांनी मेसच्या व्यवस्थापकाशी बोलून एकच पातेले ठेवावे. इंधन वाचते, नियमभंग टळतो आणि जो एकटाच रोजा धरणारा असतो त्यालाही सोबत मिळते.

गेल्या महिन्यात अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मसला विचारला. त्याने पेट्रोलची दुचाकी विकून विजेवरची घेतली आहे आणि वसतिगृहाच्या जिन्याखालील प्लगवर ती रात्री चार्ज करतो. प्रदूषण कमी होते, मग हे जायज आहे ना? मी त्याला सांगितले की दुचाकी बदलल्याबद्दल अल्लाह तुला बदला देवो. पण तो प्लग झाडलोटीच्या यंत्रासाठी दिलेला आहे, तुझ्या वाहनासाठी नाही. एका वेळी दोन-तीन युनिट, म्हणजे महिन्याला काहीशे रुपयांची वीज तू परवानगीवाचून घेतो आहेस. अधीक्षकांकडे लेखी अर्ज कर, मीटर लावून पैसे घेण्याची विनंती कर, आणि आजवर वापरलेल्या विजेची रक्कम अंदाजाने काढून संस्थेत जमा कर. नकार मिळाला तर बाहेर पैसे देऊन चार्ज कर. तो थोडा हिरमुसला. त्याने हिशेब केला तेव्हा चार महिन्यांचे साडेनऊशे रुपये निघाले. ते त्याने पावती घेऊन भरले आहेत. मीटरच्या अर्जावर अद्याप उत्तर आलेले नाही, परंतु आणखी सहा मुलांनी त्यावर सह्या केल्या आहेत.